मुलांची राजकीय मतं घरातच ठरतात का?

तुमचा आठ वर्षांचा मुलगा निकालाच्या दिवशी "आपला पक्ष जिंकला" म्हणत सोसायटीभर नाचला. तुम्ही त्याला कधी काही शिकवलं नव्हतं, मग हे आलं कुठून, असं विचारलंय. शिकवावं लागतच नाही हो. या वयात पक्ष क्रिकेटच्या टीमसारखा चिकटतो. 'आपला' आधी येतो, 'का' फार नंतर.

१९५८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात राज्यशास्त्राचे अभ्यासक फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी शाळेतल्या पोरांना हेच विचारलं होतं. चौथीतली निम्म्याहून जास्त मुलं आपला पक्ष सांगून मोकळी झाली. दोन पक्षांत फरक काय, म्हटल्यावर मात्र बहुतेकांची दांडी गुल.

आमचंही वेगळं नव्हतं. मी लालबागच्या चाळीत वाढलो. १९८४ च्या लोकसभेला दहा वर्षांचा होतो. प्रचाराची जीप आली की "ताई, माई, अक्का" ओरडत मागे धावायचं आणि बिल्ले गोळा करायचे, कोणाचेही. मग गॅलरीत बाजार भरायचा, एका पत्र्याच्या बिल्ल्याला दोन कागदी. एकदा भलत्याच पक्षाचा बिल्ला शर्टाला लावून जेवायला बसलो. वडील काही बोलले नाहीत. बिल्ल्याकडे बघत भाकरी मोडत राहिले. हात धुताना तो मी मोरीत टाकला.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. संपाचे पुढारी दत्ता सामंत आमच्या घरात नुसते 'डॉक्टर' होते. ते खासदार झाले त्या दिवशी वडिलांनी उधारीवर पेढे आणले. आई म्हणाली, "याचे पैसे कोण देणार, डॉक्टर?"

पक्ष मला वडिलांनी दिला, तो काही टिकला नाही. कुठल्याही सभेत जोराच्या टाळ्या पडल्या की मला हा आईचा प्रश्न आठवतो, तो टिकलाय.

१९६५ मध्ये जेनिंग्ज आणि निमी या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वेगवेगळं विचारलं, तेव्हाही असंच काहीसं दिसलं. पक्ष बऱ्यापैकी जुळला, पण एकेका मुद्द्यावरची मतं फारच कमी जुळली. आणि जिथे आईबाप दोन पक्षांचे, तिथे पोरं आईकडे थोडी जास्त झुकलेली. अर्थात तिथे मुख्य पक्ष दोनच. आपल्याकडे पक्षच मधोमध फुटतो, तेव्हा पोरांनी काय करायचं ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा मुलाला दटावू नका. "आपला म्हणजे कसा रे?" एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. बाकी सिग्नलला हवालदाराने अडवलं की तुम्ही पावती घेता की खिशात हात घालता, हे तो मागच्या सीटवरून बघतोच आहे. कॉलेजात गेल्यावर सगळं पुन्हा ढवळून निघतं ते वेगळंच.

१९८९ मध्ये मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं, म्हणून माझी पाळी जरा लवकर आली. पहिलं मत मी वडिलांच्या निशाणीला दिलं नाही. रांगेत ते माझ्या पुढेच होते. घरी आल्यावर म्हणाले, "दिलंस ना?" मी म्हटलं, "दिलं." आतून आईचं हसणं ऐकू आलं.