मुलांवरचा सरकारी खर्च : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ज्याचं मूल त्याने सांभाळावं, हा साधा न्याय. मग हलाखीतल्या घरांच्या मुलांसाठी बाकीच्यांनी कर का भरायचा?

न्याय कोणता हा वाद न संपणारा आहे, हिशेब मात्र मांडता येतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ साली पेरी बालवाडीचा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली १२३ मुलं घेतली. त्यातली ५८ बालवाडीत गेली, ६५ गेली नाहीत. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास घरी, एवढाच कार्यक्रम. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांतच पुसला गेला, आणि पैसा पाण्यात गेला असं पुष्कळांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मुलं चाळिशीला पोचली तेव्हा चित्र वेगळं होतं. बालवाडीच्या गटात शाळा पूर्ण केलेले जास्त, कमाई जास्त, अटक झालेले कमी. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी परतावा काढला तो वर्षाला ७ ते १० टक्के.

१२३ मुलांचा आकडा कोट्यवधी मुलांना लावू नये, हे खरंच. पण २०२० मध्ये हेंड्रेन आणि स्प्रंग-कायझर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली १३३ सरकारी धोरणं एकाच मापाने मोजली. गरीब मुलांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर केलेले बरेच खर्च पुढे वाढलेल्या करातून आणि वाचलेल्या मदतीतून सरकारकडे परत आले होते. मोठ्या माणसांसाठीच्या बहुतेक योजनांबाबत तसं दिसलं नाही. तेव्हा आमचं उत्तर ‘होय, द्यावा’ असंच आहे. मात्र योजनेच्या नावावर भाळू नये, आत काय आहे ते पाहावं.

रोख रक्कम द्यावी की सेवा? पैसे दिले की काम संपलं, असं का नाही?

कमतरता कशाची आहे त्यावर हे ठरतं, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

पैशाची चणचण पैशानेच सुटते. २०२१ साली अमेरिकेने मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर ती दरमहा हातात दिली. सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलरपर्यंत, त्यावरच्या मुलामागे २५०. करसवलती आणि सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव रक्कम आणि साथकाळातली इतर मदत थांबली, आणि २०२२ मध्ये बालगरिबी १२.४ टक्के झाली. इतका लख्ख परिणाम धोरणांत क्वचित दिसतो. पण त्याच देशात दुसऱ्या एका प्रयोगात गरीब आयांना बाळाच्या जन्मापासून दरमहा ३३३ डॉलर दिले, तर चौथ्या वर्षी मुलांच्या भाषेत आणि आकलनात ठळक फरक आढळला नाही. भाडं, कर्ज, औषधपाणी यांचा भार पैशाने हलका होतो. मुलाशी बोलणारं माणूस त्याने आपोआप मिळत नाही.

आता जमैकातलं किंग्स्टन. १९८०च्या दशकात ९ ते २४ महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर तिथे प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायची आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळावं, हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. बाविसाव्या वर्षी भेटींच्या गटांतल्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा दूरचा फायदा दिसला नाही. म्हणून आहार बंद करा, असा याचा अर्थ काढू नका. उपाशी मूल शिकत नाही. भारतातल्या मध्यान्ह भोजनाच्या अभ्यासात तर त्या जेवणाचा लाभ मिळालेल्या मुली पुढे आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंचीही बरी आढळली. आहार आणि सहवास या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीचा खर्च दुसरीला चालत नाही, इतकंच.

अटी घालाव्यात का, हेही विचारलं जातं. मेक्सिकोत १९९७ पासून मुलांची ८५ टक्के हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर रक्कम आईच्या हाती दिली जायची. माध्यमिक शाळेत, विशेषतः मुलींची, पटसंख्या वाढली. प्राथमिकमध्ये फारसा बदल नाही, कारण तिथे मुलं आधीच येत होती. शाळा किंवा दवाखाना जवळ नसेल तर मात्र अट म्हणजे शिक्षाच.

हातात पैसे दिले की ते दारूत जातात ना?

जगभरच्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आहे. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही, सरासरीने तो किंचित कमीच झाला. हा आक्षेप आता सोडून द्यायला हरकत नाही.

मदत फक्त गरजूंनाच मिळावी यासाठी उत्पन्नाची मर्यादा हवीच, बरोबर?

मर्यादा स्वस्त वाटते, पण तिचे दोन खर्च कागदावर दिसत नाहीत. पहिला वगळण्याचा. जितके दाखले मागाल तितके खरे गरजू गळतात, कारण दाखला काढायला लागणारा वेळ, प्रवास आणि बुडालेली मजुरी त्यांनाच परवडत नाही. दुसरा कड्याचा, म्हणजे मर्यादा ओलांडताच मदत एकदम तुटण्याचा. समजा, मर्यादा वर्षाला १,००,००० आणि मदत २४,०००. उत्पन्न ९९,००० वरून १,०१,००० झालं की २,००० मिळतात आणि २४,००० जातात. शहाणा माणूस जादा काम नाकारेल किंवा कमाई लपवेल, आणि मग आपण त्यालाच आळशी नाहीतर लबाड म्हणू! यावर उपाय म्हणजे उतार. मर्यादेवरच्या दर १०० मागे मदत ३० ने घटवली, तर ती १,८०,००० ला शून्यावर येते आणि वाटेत कुठेही जास्त कमावणं तोट्याचं ठरत नाही. मात्र एकाच घराला तीन-चार योजना असतील तर सगळ्यांचे उतार एकत्र धरून बघा. ३० आणि ४० आणि ४० मिळून ११० होतात, म्हणजे कडा परत आलाच.

आमच्या भागात सरकारी बालकेंद्र सुरू होतंय. ते चांगलं चालेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

इमारत बघू नका. एका शिक्षिकेमागे किती मुलं, ते विचारा. पेरीत पाच-सहा होती. तोच वर्ग वीस-पंचवीस मुलांचा केला की नाव बालवाडीचं राहतं आणि काम राखणदारीचं होतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या बालवाडी योजनेत प्रवेश मिळालेली मुलं सहावीत पोचली, तेव्हा प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा मागे होती. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघरं दिली. आया कामावर गेल्या, पण संशोधकांना मुलांत चिंता आणि आक्रमकता वाढलेली आढळली. जागा झपाट्याने वाढवल्या की शिकलेली माणसं पुरत नाहीत.

मग विचारा : किती पदं रिकामी आहेत? पगार महिन्याच्या महिन्याला होतो का? तो रखडला की चांगल्या शिक्षिका आधी जातात. प्रशिक्षण एकदाच आहे, की कुणी दर महिन्याला वर्गात बसून शिकवणं पाहून सांगणारं आहे? आणि अहवालात मोजतात काय? फक्त हजेरी आणि वाटपाचे आकडे असतील, तर काम तेवढंच होईल. मुलं किती शब्द बोलतात, वजन-उंची कशी वाढते, हे दर तिमाहीला त्याच मुलांचं टिपलं जात असेल तर प्रवेश घ्या.