हुकूम कोणाचा, जबाबदारी कोणाची?

गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने सरकार आणि सेनापती यांच्या अधिकारांबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : 1961 साली पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तर शेवटपर्यंत लढायला सांगितले होते, असे वाचले. मग हा आज्ञाभंग म्हणायचा की शहाणपण? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : कागदोपत्री आज्ञाभंगच. पण तो हुकूम मुळात देण्याजोगा होता का, हे आधी पाहावे लागेल.

वासालो इ सिल्वा यांच्याकडे दोन पदे होती. ते गव्हर्नर जनरल होते आणि इथल्या फौजेचे सरसेनापतीही होते. 14 डिसेंबरला लिस्बनहून त्यांना आलेल्या संदेशाचा आशय असा होता : तह नाही, शरणागती नाही, सैनिक जिंकतील किंवा मरतील, निदान आठ दिवस तग धरा. तेवढ्या अवधीत भारतावर आंतरराष्ट्रीय दडपण आणता येईल, हा त्यामागचा हिशेब. राजकीय नेत्याने असा हिशेब करणे गैर नाही. वेळ काढण्यासाठी लढायला सांगणे हे युद्धात नेहमीचेच. मात्र उद्दिष्ट ठरवणाऱ्याने त्याला पुरेल एवढे साधन द्यायचे असते, आणि ते देता येत नसेल तर उद्दिष्ट खाली आणायचे असते. सालाझारने दोन्ही केले नाही.

हाताशी होते काय? साधारण साडेतीन हजार सैनिक, मुरगावात ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही एकच मोठी युद्धनौका, आणि लढाऊ विमान एकही नाही. पूल उडवत मागे सरकायचे आणि मुरगावच्या बाजूला शेवटची फळी धरायची, अशी योजना होती. 18 डिसेंबरला दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र बाँबहल्ल्यात गेले. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय फ्रिगेटांनी ती युद्धनौकाही निकामी केली. संपर्क तुटला की सेनापतीला स्वतःच्या तुकड्या कुठे आहेत तेही कळत नाही, मग फळी धरणे दूरच. 19 तारखेच्या रात्री त्यांनी शरणागती दिली.

अशा वेळी सेनापतीचे काम ठरलेले असते. दारूगोळा किती दिवस पुरेल, किती माणसे जातील आणि त्या बदल्यात काय पदरात पडेल, हे आकड्यांत वर कळवायचे. उद्दिष्ट बदलून मागायचे. उत्तर येत नसेल किंवा जुनाच हुकूम परत येत असेल, तर पुढच्या मरणांनी उद्दिष्ट जवळ येते का, एवढेच पाहायचे. येत नसेल तर ती माणसे खर्ची घालण्याचा अधिकार त्याला उरत नाही. वासालो इ सिल्वा यांनी नेमके हेच केले, असे आमचे मत. लिस्बनने 1963 मध्ये त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. अशक्य हुकूम देणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारला नाही.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. दिल्लीने ‘गोवा घ्या, पण नासधूस नको’ अशी मर्यादा घातली होती. अशी मर्यादा भाषणातच राहिली तर वैमानिकाला तिचा काडीचा उपयोग नाही; ती लक्ष्यांच्या यादीत उतरावी लागते. एअर व्हाइस मार्शल पिंटो यांना दाबोळीबाबत दिलेल्या आदेशात ती उतरली होती : धावपट्टी फोडायची, पण विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयींना धक्का लावायचा नाही. जमिनीवर मुख्य काम 17 इन्फंट्री डिव्हिजनकडे होते. उत्तरेकडून येणाऱ्या ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅराशूट ब्रिगेडला दुय्यम भूमिका होती. तरी 18 च्या संध्याकाळी याच ब्रिगेडच्या पलटणी बेतीला, मांडवीच्या काठावर पोचल्या, आणि 19 ला सकाळी नदी ओलांडून पणजीत शिरल्या. काय साधायचे ते वरून सांगितले होते. रस्ता कोणता आणि वेग किती, हे जागेवरच्या माणसावर सोडले होते. आखणीत दुय्यम असलेली बाजू पुढे गेली, तिला कोणी मागे खेचले नाही.

प्रश्न : दंगल आवरेनाशी झाली आणि लष्कर बोलावले, तर गोळीबाराचा हुकूम कोण देतो? मामलेदार की कर्नल? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : जमाव पांगवायचा की नाही, हे दंडाधिकारी ठरवतो. कसा पांगवायचा, हे लष्करी अधिकारी. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 148 ते 151 याबद्दल आहेत.

आधी पोलीस आणि कार्यकारी दंडाधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देतात, ऐकले नाही तर बळ वापरतात. त्याने भागत नसेल, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी गरजच असेल, तरच कलम 149 लागू होते. त्याखाली जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला सांगू शकतो. तो जागेवर हजर हवा. मामलेदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, पण एवढ्याने त्यांना सैन्याला सांगता येत नाही. या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अधिकार दिलेला असावा लागतो. घरून फोनवर ‘करा काय ते’ म्हणणे या कलमात बसत नाही.

पुढे तुकडीचा अधिकारी आपल्या पद्धतीने काम करतो. मामलेदार त्याला ‘त्या कोपऱ्यावर गोळी झाडा’ असे सांगू शकत नाही. अधिकाऱ्यावर बंधन एकच आणि कडक : कमीत कमी बळ, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर कलम 150 खाली कमिशन मिळालेला अधिकारी स्वतः निर्णय घेऊ शकतो. मात्र संपर्क होताच, पुढे चालू ठेवायचे की थांबायचे हे दंडाधिकारी ठरवेल.

अशा प्रसंगी घोळ होतो तो बहुधा कागदाचा. मागणी तोंडी, वेळ नोंदलेली नाही, दंडाधिकारी निघून गेलेला. म्हणून शहाणा अधिकारी लेखी मागणी घेतो, सही आणि वेळ बघतो, आणि दंडाधिकाऱ्याला शेजारून हलू देत नाही. नंतरच्या चौकशीत हाच कागद दोघांनाही तारतो.

प्रश्न : हाताखालच्या सैनिकांनी अत्याचार केले तर सेनापतीने हुकूम दिला नसतानाही तो दोषी ठरतो? आणि मंत्री? (एक वकील, म्हापसा)

उत्तर : ठरू शकतो. जपानी सेनानी यामाशिता यांना मनिला आणि फिलिपाइन्समधल्या अत्याचारांबद्दल 23 फेब्रुवारी 1946 रोजी फाशी झाली. त्यांनी हुकूम दिला यापेक्षा त्यांनी सैन्य आवरले नाही, हा आरोपाचा गाभा होता. त्या निकालावर टीका झाली ती रास्तच होती, कारण त्यांना काय माहीत होते आणि काय करणे शक्य होते, हे नीट तपासले गेले नाही.

आजची कसोटी रोम कराराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापन झाले त्या कराराच्या, 28 व्या कलमात आहे आणि ती दोघांना वेगळी लावली आहे. लष्करी सेनापतीला ‘माहीत होते’ किंवा ‘त्या परिस्थितीत माहीत असायला हवे होते’, एवढे पुरते. मुलकी वरिष्ठाच्या बाबतीत त्याला माहीत होते किंवा स्पष्ट सूचना देणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, असे सिद्ध करावे लागते. फरकाला कारण आहे. सैन्यात रोजचा अहवाल वर यावा अशी यंत्रणा सेनापतीच्या हातात असते. मंत्र्याची तशी नसते. भारत या कराराचा पक्षकार नाही, तरी जिनीव्हा करार आपण मान्य केले आहेत आणि त्यासाठी 1960 चा कायदाही आहे.

सुटका कशाने होते? हाती असलेले सगळे वाजवी उपाय केल्याने : लेखी मनाई, तक्रार येताच चौकशी, संशयितांना कामावरून दूर करणे, प्रकरण योग्य अधिकाऱ्याकडे सोपवणे. काँगोतल्या एका सशस्त्र गटाचे प्रमुख जाँ-प्येर बेंबा आपल्या सैनिकांच्या अत्याचारांबद्दल याच न्यायालयात 2016 मध्ये दोषी ठरले आणि 2018 मध्ये अपिलात सुटले. दूर बसलेल्या सेनापतीच्या अडचणी खालच्या न्यायालयाने पुरेशा विचारात घेतल्या नाहीत, असे अपिलाच्या बहुमताने म्हटले. हा निकाल सगळ्यांना पटलेला नाही.

प्रश्न : चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ तिन्ही दलांना हुकूम देतात का? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : लढाईचे हुकूम देत नाहीत. 2019 च्या अखेरीस हे पद निर्माण झाले, तेव्हाच स्पष्ट केले होते की तिन्ही दलप्रमुखांवर त्यांचा लष्करी हुकूम चालणार नाही. ते तिन्ही दलांच्या सामाईक बाबींत संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार आणि लष्करी व्यवहार विभागाचे सचिव असतात. सर्वोच्च सेनापतिपद घटनेच्या 53 व्या कलमाने राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात.

प्रश्न : मुक्तीनंतर गोव्यावर लष्करी राज्यपाल होते, म्हणजे लष्करी राजवट होती का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कारभार काही महिने मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे होता, पण तो दिल्लीतल्या सरकारच्या वतीने. जून 1962 मध्ये त्यांच्या जागी टी. शिवशंकर हे मुलकी नायब राज्यपाल आले. डिसेंबर 1963 मध्ये निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले.