चाळीस शिलिंगांचा आसरा

प्रश्न : आमच्या अमळनेरच्या वाचक गटात सतराव्या शतकातील अमेरिकेवरच्या एका कादंबरीची चर्चा झाली. कडव्या प्रोटेस्टंट प्युरिटनांच्या गावातील, क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची नायिका प्रेमासाठीही आपला पंथ सोडत नाही. काहींना ती हट्टी वाटली. माझ्या वहिनी म्हणाल्या, ‘श्रद्धा मनात ठेवून रविवारी त्यांच्या प्रार्थनेला बसली असती तर काय बिघडले असते?’ असे खरोखर घडत होते, की हा कादंबरीकाराचा मसाला आहे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मसाला कमी, इतिहास जास्त. मेरी फिशर आणि अ‍ॅन ऑस्टिन या दोन क्वेकर स्त्रिया 1656 मध्ये प्युरिटनांची सत्ता असलेल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बोस्टनला पोहोचल्या, तेव्हा त्यांना तुरुंगात टाकून त्यांची पुस्तके जाळण्यात आली आणि अंगावर चेटकिणीच्या खुणा आहेत का, हेही तपासण्यात आले.

वहिनींची तडजोड व्यवहारी आहे, पण त्या नायिकेला ती जमणारी नव्हती. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतरात असतो, त्यासाठी पगारी धर्मोपदेशक लागत नाही आणि अंतरातून प्रेरणा झाली तर स्त्रीनेही सभेत बोलावे, अशी क्वेकरांची धारणा असल्यामुळे उपदेशकासमोर मुकाट बसणे म्हणजे तीच धारणा नाकारणे होते. न जावे, तर दर खेपेस पाच शिलिंग दंड. सेलम गावच्या साउथविक कुटुंबातील डॅनियल आणि प्रोव्हाइडेड या भावंडांना तो दंड भरता येईना, तेव्हा 1659 मध्ये त्यांना व्हर्जिनिया किंवा बार्बाडोसला विकण्याची परवानगी न्यायालयाने दिली. त्यांना नेण्यास एकही जहाजकप्तान तयार झाला नाही, म्हणून ती वाचली.

लग्नाचा प्रश्नही सोपा नव्हता. सत्यशोधकी लग्ने पाहिलेल्या खानदेशी वाचकाला भटजीविना लागणाऱ्या लग्नाचे नवल वाटू नये. क्वेकर वधूवर सभेत उभे राहून स्वतःच एकमेकांना वचन देत आणि उपस्थित मंडळी साक्षीदार म्हणून सह्या करत. प्युरिटनांकडेही लग्न दंडाधिकाऱ्यासमोर लागे. पण अधिकाऱ्याला वगळून केवळ सभेपुढे लावलेले लग्न त्यांना मान्य होणे कठीण होते. शिवाय 1657 च्या कायद्याप्रमाणे क्वेकराला घरात आसरा देणाऱ्याला दर तासाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, दंड होता. प्रियकराने तिला रात्रभर घरात ठेवले, तर सकाळपर्यंत दंड किती होईल, याचा हिशेब तुमच्या गटाने करावा.

माझ्या मते प्रेम विरुद्ध श्रद्धा ही मांडणीच अपुरी आहे. शेजारच्या ऱ्होड आयलंड वसाहतीतील न्यूपोर्टची क्वेकर मेरी डायर विवाहित होती, मुलाबाळांची आई होती. हद्दपारीचा हुकूम मोडल्याबद्दल 27 ऑक्टोबर 1659 रोजी तिला विल्यम रॉबिन्सन आणि मार्मड्यूक स्टीफन्सन या क्वेकरांसह वधस्तंभाकडे नेण्यात आले. त्या दोघांना फाशी झाली, तिला ऐनवेळी सोडण्यात आले. तरी पुढच्या वसंतात ती बोस्टनला परतली. तिचा पती विल्यम डायर क्वेकर नव्हता, तिचे परत जाणे त्याला उमगतही नव्हते. तरीही ‘तुम्हीही कोणाचे पती आहात, माझी पत्नी मला परत द्या’ अशा अर्थाचे पत्र त्याने गव्हर्नरला लिहिले. तिचा पंथ बदलावा म्हणून हा माणूस अडून बसला नव्हता; अडसर होता तो राज्याच्या कायद्याचा. मेरीला 1 जून 1660 रोजी फाशी दिली गेली.

इंग्लंडच्या राजाने 1661 मध्ये हस्तक्षेप केल्यावर फाशी थांबली, पण गाडीमागे बांधून गावोगाव चाबकाने फोडून काढण्याची शिक्षा चालूच राहिली, आणि ती स्त्रियांनाही झाली.