सापा-सरड्यांच्या पेटीत खाली काय अंथरावे?

प्रश्न : माझ्या मुलाने रीतसर नोंदणी करून बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला परदेशी साप पाळला आहे. त्याच्या पेटीत सध्या वर्तमानपत्र घालतो. ओळखीचे सुतार पोतेभर भुसा फुकट द्यायला तयार आहेत, तो चालेल का? शिवाय किडे होऊ नयेत म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, असे सासूबाई सुचवतात.
– एक वाचिका, पुणे

उत्तर : सुताराकडचा भुसा फुकट मिळत असला तरी घेऊ नये, कारण त्या पोत्यात काय काय आले आहे हे खुद्द सुतारालाही सांगता येणार नाही. हल्लीच्या फर्निचरच्या कामात अस्सल लाकूड थोडे आणि प्लायवूड व एमडीएफ (लाकडाचा भुगा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) हेच जास्त असते. त्यामुळे या भुशात फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असलेल्या गोंदाचे कण, पॉलिशची भुकटी आणि कधी कधी वाळवीच्या औषधाचा अंशही मिसळलेला असतो. करवतीचा बारीक भुसा शुद्ध लाकडाचा असला तरी त्याची धूळ हा वेगळाच त्रास आहे. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो आणि जोरात खोकून फुप्फुसातील घाण बाहेर टाकणे त्याला जमत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ आतच साचते. साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागली किंवा नाकपुड्यांशी बुडबुडे दिसले, तर अंथरूण बदलून थांबू नये, त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

पॅकिंगच्या खोक्यांपासून निघणाऱ्या ढलप्या बहुधा चिडाच्या म्हणजे पाइनच्या असतात. देवदार आणि परदेशात ‘सीडर’ या नावाने विकले जाणारे लाकूड यांच्याप्रमाणेच चिडाच्या कच्च्या लाकडालाही जो सुवास येतो, तो त्यातील उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. कपाटातल्या कपड्यांना कसर लागू न देणारी ही तेले बंद पेटीत चोवीस तास हुंगणाऱ्या प्राण्याच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला बाधू शकतात. सुवासिक लाकूड पेटीत नको, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे काम होते. अमेरिकेतील कॉर्न स्नेक पाळणारे अस्पेनच्या ढलप्या वापरतात, कारण अस्पेनला असा वास नसतो. मात्र ओल लागली की त्या लवकर बुरसतात, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि तेही बॉल पायथनसाठी मी त्या सुचवणार नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तेथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत पडून असतो आणि त्या बिळांत बाहेरच्यापेक्षा ओलावा टिकून राहतो. त्याच्या पेटीत साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. ती कमी पडली की कात एकसंध उतरत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची पारदर्शक कात तशीच चिकटून राहते. वर्तमानपत्र विषारी नाही, पण ते ओलावाही धरत नाही. आपल्याकडे सहज मिळणारी आणि मला सर्वांत योग्य वाटणारी वस्तू म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट. रोपवाटिकेत त्याच्या विटा मिळतात. मात्र खत न मिसळलेली आणि मीठ काढण्यासाठी धुतलेली वीटच मागून घ्यावी. ती पाण्यात फुलवून चांगली पिळावी आणि थोडी सुकू द्यावी. मूठभर घेऊन दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाण्याचा थेंब निघू नये, इतकीच ओल पुरे. दोन-तीन इंचांचा थर द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवाच इतकी दमट असते की वरून पाणी शिंपडण्याची गरज क्वचितच भासेल. उलट पृष्ठभाग कोरडा राहतो ना, हेच पाहावे. सतत चिंब अंथरुणावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाकडील खवल्यांवर तांबूस डाग आणि पुढे फोड येतात, आणि ते बरे व्हायला फार वेळ लागतो.

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण डांबराच्या गोळ्या पेटीतच काय, पेटीच्या आसपासही ठेवू नयेत. त्यांची वाफ सापासाठी विषारी आहे. कडुनिंबाच्या पाल्याने सापाच्या अंगावरचे माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) जात नाहीत आणि ओलीत तो पाला कुजतो. खवल्यांच्या कडांना किंवा पाण्याच्या भांड्यात मोहरीपेक्षाही लहान काळे ठिपके हलताना दिसले, तर कोकोपीट सगळे टाकून द्यावे, उपचार होईपर्यंत साधा कोरा कागद अंथरावा आणि औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. पेटी पुसण्यासाठी फिनेल वापरू नये; साबणाच्या पाण्याने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उन्हात पूर्ण वाळवलेली पेटी पुरेशी स्वच्छ असते. घाण उचलल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

प्रश्न : आमच्या मुलीकडे बिअर्डेड ड्रॅगनचे लहान पिल्लू आहे. दुकानात कॅल्शियमची वाळू मिळते आणि ती पोटात गेली तरी पचते, असे पाकिटावर लिहिले आहे. वाळवंटातला सरडा म्हटल्यावर वाळूच योग्य ना?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : पाकिटावरच्या मजकुरावर विसंबू नये. कॅल्शियमची वाळू ओली झाली की गोळा धरते आणि पिल्लू कीटकावर झडप घालताना दर वेळी तिचा घास घेते. आतड्यात तो गोळा अडकला तर प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर काही सरडे वाळू मुद्दाम चाटतात, आणि पेटी पुरेशी गरम नसेल तर पचनही मंदावते, हे दोन्ही धोके पिल्लाच्या बाबतीत अधिक. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या ज्या कोरड्या भागात हा सरडा राहतो तेथली जमीन बरीचशी घट्ट आणि कठीण असते, भुसभुशीत वाळूच्या टेकड्याच सर्वत्र असतात असे नाही. पिल्लू मोठे होईपर्यंत फरशीचा तुकडा खरखरीत बाजू वर करून ठेवावा. नखेही झिजतात आणि उष्णताही टिकते. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा आणि मांजराची वाळू या दोन्ही गोष्टी मात्र कोणत्याही वयात नकोत.

प्रश्न : शेतात सापडलेले मांडूळ आठवडाभर खोक्यात ठेवले आहे. त्याला खाली माती घालावी की वाळू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मांडूळ हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित साप असल्याने तो घरात ठेवणे हाच गुन्हा आहे, आपण आजच १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे. कर्मचारी येईपर्यंत त्याला हवेसाठी भोके असलेल्या, झाकण बसणाऱ्या बादलीत कोरडे सुती कापड घालून सावलीत ठेवावे आणि खायला काहीही देऊ नये.