‘बियांची मात्रा’ की ‘गाठीला मिळणारी मात्रा’?

प्रश्न असा आला आहे: फुप्फुसाच्या कर्करोगात गाठीमध्ये किरणोत्सर्गी बिया बसवून उपचार करतात. त्याची माहितीपुस्तिका मराठीत आणताना एक वाक्य असं झालं, ‘बसवलेल्या बियांची मात्रा मोजून रुग्णाला १४४ ग्रे दिले.’ यात ‘मात्रा’ चालेल, की सरळ ‘डोस’च ठेवावा?

‘मात्रा’च ठेवा, आणि तीही नाइलाज म्हणून नको. इथे तो ‘डोस’पेक्षा सरस शब्द आहे. ‘डोस’चं मूळ ग्रीक ‘दोसिस’, म्हणजे देणं. आपल्या ‘दा’ धातूचाच तो भाऊबंद. देणाऱ्याच्या हातून काय सुटलं, ते या शब्दात येतं. ‘मात्रा’ आली ‘मा’पासून, म्हणजे मोजण्यावरून. छंदात लघूची एक मात्रा, गुरूची दोन, तालाच्या मात्रा, वैद्यकात औषधाचं प्रमाण, आणि पुढे मराठीत तर उगाळून चाटवायचं औषधच. ग्रेमध्ये सांगतात ती राशीही मापाचीच आहे. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांचं नाव १९७५मध्ये या एककाला मिळालं. या व्याख्येत देणाऱ्याचा उल्लेखच नाही, शोषणाऱ्याचा आहे. म्हणून ‘शोषित मात्रा’ हा शब्द मला फार नेमका वाटतो.

आपल्या वाक्यात बिघाड आहे तो आजूबाजूच्या शब्दांत: ‘बियांची’, ‘मोजून’ आणि ‘दिले’.

‘बियांची मात्रा’ म्हटलं की षष्ठी घात करते. गोळीत जसं ५०० मिलिग्रॅम औषध असतं, तशी बीमध्ये मात्रा भरलेली आहे असा समज होतो. बी म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड अशी टायटॅनियमची बंद नळी. आत बहुधा आयोडीन-१२५. तिची स्वतःची असते ती ताकद. ही ताकद सांगायला ‘एअर कर्मा स्ट्रेंग्थ’ हे माप आहे, आणि जुन्या सवयीने मिलिक्युरीही वापरतात. मात्रा मात्र ऊतीला मिळते, आणि दर मिलिमीटरला ती वेगळी असते. एका बीपासून एक सेंटिमीटरवर जेवढी मात्रा, त्याच्या चौथाई दोन सेंटिमीटरवर असायला हवी, कारण अंतर दुप्पट झालं की किरण चौपट विरळ होतात, हा अंतराच्या वर्गाचा नियम. वाटेतल्या ऊतीत किरण शोषले जात असल्याने प्रत्यक्षात ती पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरते. हा उतार हेच या उपचाराचं बळ आहे, त्यामुळेच शेजारचं निरोगी फुप्फुस बऱ्यापैकी वाचतं. तेव्हा मात्रा ‘कुणाला’ आणि ‘कुठे’ हे वाक्यात यायलाच हवं. षष्ठी सोडून चतुर्थी घ्या, ‘गाठीला मात्रा’, ‘अन्ननलिकेला मात्रा’, ‘गाठीच्या कडेला मात्रा’. डॉक्टरांच्या नोंदींत ‘डी-९०’ असा आकडा येतो. गाठीच्या ९० टक्के आकारमानाला किमान इतकी मात्रा मिळते, असा त्याचा अर्थ. तिथेही ‘ला’ आहेच.

आता ‘मोजून’. रुग्णाच्या फुप्फुसात मापक ठेवून कुणी मात्रा मोजत नाही. बियांची ताकद मोजलेली असते, बिया कुठे बसल्या ते सीटी स्कॅनवर पाहिलेलं असतं, आणि मात्रा त्यावरून ‘काढतात’. सरासरी काढतो, व्याज काढतो, तशीच मात्रा काढतो. मराठीत हे क्रियापद तयारच आहे. ‘मात्रामापन’ आणि ‘मात्रागणन’ हे शब्दही वेगळे ठेवावेत.

हा भेद फुप्फुसाच्या बाबतीत फारच महत्त्वाचा आहे. गणनाची रूढ पद्धत ‘टीजी-४३’, अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संस्थेने १९९५मध्ये मांडलेली. बीची ताकद घ्यायची, त्या प्रकारच्या बीचा ठरलेला स्थिरांक घ्यायचा, मग अंतर, शोषण आणि कोन यांचे गुणक लावायचे. बीच्या टोकाकडून किरण कमी निघतात, बाजूने जास्त, म्हणून कोनाचा गुणक. अशी एकेका बीची देणगी काढून सगळ्यांची बेरीज. पण हे सगळं धरून चालतं की शरीर म्हणजे सर्वत्र पाणीच आहे. प्रोस्टेटमध्ये ते बरंचसं निभतं. फुप्फुस हवेने भरलेलं, घनता पाण्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. आयोडीन-१२५चे किरण मवाळ, सरासरी २८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जेचे, त्यामुळे वाटेत काय आहे याचा त्यांच्यावर फार परिणाम होतो. हवेशीर भागातून ते पाण्याच्या हिशेबापेक्षा लांबवर पोचतात. उलट गाठीच्या कडेला बाहेरून विखरून परत येणारे किरण कमी पडतात. ऊतींचा फरक धरून गणन कसं करावं, याचं मार्गदर्शन त्याच संस्थेच्या ‘टीजी-१८६’ या अहवालाने २०१२मध्ये दिलं. पुस्तिकेत पाण्यावर आधारलेला आकडा असेल, तर ‘पाणी धरून काढलेली मात्रा’ असं लिहायला अजिबात कचरू नये.

‘दिले’मध्ये काळ चुकला आहे. बिया बसवल्या त्या संध्याकाळी १४४ ग्रे पोचलेले नसतात. समजा, गाठीच्या कडेला सुरुवातीला तासाला ०.०७ ग्रे मिळतात. दिवसाचे झाले १.६८. आयोडीन-१२५चं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्म्यावर यायला लागणारा काळ, ५९.४ दिवस, त्याला १.४४ने गुणलं की सरासरी आयुष्य ८५.७ दिवस. १.६८ गुणिले ८५.७, म्हणजे सुमारे १४४. यातले ७२ पहिल्या दोन महिन्यांत, ३६ पुढच्या दोन महिन्यांत, आणि ९० टक्के हिस्सा पुरा व्हायला साडेसहा महिने. तोवर गाठ आक्रसली तर बिया एकमेकींजवळ सरकतात आणि हिशेबही बदलतो. म्हणून हे वाक्य भविष्यकाळात हवं, आणि ‘एकूण मात्रा’ व ‘मात्रेचा दर’ हे दोन्ही शब्द पुस्तिकेत स्वतंत्र हवेत. बाहेरून ३० बैठकांत दिलेले ६० ग्रे आणि महिनोन्‌महिने झिरपणारे १४४ ग्रे यांची नुसत्या आकड्यांवरून तुलना होत नाही. सीझियम-१३१च्या बिया असतील तर अर्धायुष्य जेमतेम ९.७ दिवस, तिथे गती पुन्हा निराळी. रुग्णाच्या घरचे हेच आकडे शेजारीशेजारी ठेवून घाबरतात, तेव्हा इथे शब्दांची काटकसर नको.

मी असं लिहीन: ‘गाठीत आयोडीन-१२५च्या बिया बसवल्या आहेत. सीटी स्कॅनवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे गाठीच्या कडेला एकूण १४४ ग्रे मात्रा मिळेल. त्यातली निम्मी पहिल्या दोन महिन्यांत.’

जाता जाता ‘बी’बद्दल. ‘बिया बसवणे’ ठीक आहे. ‘बीजारोपण’ मात्र टाळा, कारण त्या शब्दात पुढे काही उगवण्याची अपेक्षा दडलेली आहे, आणि कर्करोगाच्या संदर्भात ती नकोच. ‘किरणोत्सर्गी’ हे विशेषण बियांना लावावं, रुग्णाला नको.