पॅकेजचा दर कसा बसवावा?

प्रश्न: आमचं ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. एका खाटेचा दिवसाचा खर्च २,००० रुपये पडतो, पण सरकारी आरोग्य विमा योजना पॅकेजमध्ये, म्हणजे एका उपचारासाठी ठरवलेल्या ठोक रकमेत, त्याहून बराच कमी धरते. हा अन्याय नाही का?

उत्तर: आधी २,००० आले कुठून ते पाहा. समजा पगार, भाडं, वीज मिळून महिन्याचा बांधील खर्च ९ लाख आहे. ३० खाटांचे महिन्याला ९०० खाट-दिवस होतात. निम्म्याच खाटा भरल्या तर ९ लाख ४५० दिवसांवर पडतात, म्हणून २,०००. ८० टक्के भरल्या तर ७२० दिवस, आणि आकडा १,२५० वर येतो. दर ठरवणाऱ्याने १,२५०च धरावा, नाहीतर योजना रिकाम्या खाटांचं भाडं भरत बसेल. मात्र वस्तीच विरळ असेल तर खाटा भरणार कुठून? अशा ठिकाणी दर न फुगवता बांधील खर्चाचा काही भाग वेगळा द्यावा. औषधं, इम्प्लांट, टाक्यांचे धागे यात मिसळू नका. तो हिशोब शस्त्रक्रियेगणिक वेगळा.

प्रश्न: ठोक रक्कम ठरली की हॉस्पिटल रुग्णाला लवकर घरी पाठवतं. त्याला आवर कसा घालायचा?

उत्तर: तब्येत ठीक असेल तर लवकर घरी जाणं चांगलंच. टाके पिकून तो आठवड्यात परत आला आणि त्याचा दुसरा क्लेम लागला, की गडबड. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्चही धरलेला असतो, तो याचसाठी उपयोगी. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने, १९८३ मध्ये निदानगटानुसार (सारख्या आजारांचा एक गट, त्याचा एक दर) ठोक दर आणले; ठरावीक आजारांत ३० दिवसांच्या आत परत दाखल होणारे जास्त असतील तर २०१२ पासून हॉस्पिटलचे पैसे कापले जातात, सध्या कमाल ३ टक्के. आपल्याकडची नेहमीची पळवाट म्हणजे तपासण्या बाहेरून करून आणायला लावणं. ती फाइलमध्ये दिसत नाही. घरी गेलेल्या रुग्णाला फोन करून खिशातून किती गेले ते विचारा.

प्रश्न: एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया केल्या, तर दुसरीचे निम्मेच का?

उत्तर: भूल, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) तयारी, वॉर्ड एकदाच लागतात. म्हणून आयुष्मानमध्ये पहिलीचे १००, दुसरीचे ५०, तिसरीचे २५ टक्के.

प्रश्न: एखादा रुग्ण महिनाभर आयसीयूत राहिला तर आम्ही बुडतो.

उत्तर: ठोक दर सरासरीवर चालतो, असा एक रुग्ण ती मोडतो. मेडिकेअर ठरलेल्या मर्यादेपुढच्या खर्चाचे साधारण ८० टक्के देते. पूर्ण दिले तर हात आखडता ठेवायला कारण उरत नाही; काहीच दिलं नाही तर अशा रुग्णाला दारातच ‘खाट रिकामी नाही’ असं ऐकावं लागतं.