ॲसिटिक वीक आहे तर सोडा तेवढाच का लागला?

तुझा प्रश्न असा की एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड, स्ट्रॉंग) आणि ॲसिटिक ॲसिड (वीक), दोन्ही ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल), १०-१० मिली घेऊन फिनॉल्फ्थेलिन हा रंग बदलणारा इंडिकेटर टाकला, ०.१ मोलर सोड्याने (कॉस्टिक सोडा, NaOH) टायट्रेट केलं, म्हणजे रंग बदलेपर्यंत सोडा थोडा थोडा सोडला, आणि रीडिंग आली १०.४ नि १०.५ मिली, मग ॲसिटिक वीक कसं काय? दोघा-तिघांनी कॅल्क्युलेशन चुकलं म्हणून सांगितलंय, पण कॅल्क्युलेशनचा इथे काही संबंध नाही, दोघांना सारखाच सोडा लागायला पाहिजे. मी मुंबईत एका कॉलेजात वीसेक वर्षं प्रॅक्टिकल्स घेतली, दरवर्षी एक तरी बॅच नेमकी इथेच अडकायची.

घोळ सगळा शब्दाचा आहे. जर्नलमध्ये शेवटी आपण स्ट्रेंग्थ म्हणून ग्रॅम पर लिटर लिहितो ना, ती वेगळी आणि स्ट्रॉंग-वीकवाली वेगळी. जर्नलच्या हिशोबाने तर तुझं एचसीएल ३.६५ आणि ॲसिटिक ६, म्हणजे वीकचीच स्ट्रेंग्थ जास्त! मराठी मिडियमवाल्यांचं बरं असतं, विरल-संहत ही एक जोडी (पाण्यात ॲसिड किती आहे) आणि सौम्य-तीव्र ही दुसरी (वीक-स्ट्रॉंग).

आता लोकलचा डबा डोळ्यासमोर आण. प्रवासी म्हणजे ॲसिडचे हायड्रोजन, दारात लटकलेला म्हणजे रेणूतून सुटा झालेला H⁺. एचसीएलच्या डब्यात सगळेच दारात लटकलेले. ॲसिटिकच्या डब्यात (०.१ मोलर धरून) शंभरात जेमतेम एखादा दारात, बाकीचे आत सीट पकडून निवांत. पीएच मीटरला फक्त दारातले दिसतात (दारात जितके जास्त तितका पीएच कमी), म्हणून एचसीएलला १ आणि ॲसिटिकला २.९ च्या आसपास. पण तू सोडा सोडतेस तेव्हा दारातला उतरतो, लगेच आतला उठून त्याच्या जागी येतो, तो उतरला की पुढचा, असं करत करत शेवटच्या स्टेशनला, चर्चगेटला, डबा रिकामा. टायट्रेशनमध्ये आपण उतरलेली डोकी मोजतो, कोण कुठे उभा होता ते त्यात कळतच नाही.

मिथिल ऑरेंज या दुसऱ्या इंडिकेटरने ॲसिटिकची रीडिंग भलतीच कमी आली आणि रंगही धड बदलेना म्हणालीस, तेही बरोबरच आहे. तो रंग ३.१ ते ४.४ पीएचमध्ये बदलतो आणि ॲसिटिक ४.४ ला पोचतं तेव्हा जेमतेम ३ मिली सोडा गेलेला असतो, म्हणजे गाडी अजून बोरिवलीलाच आहे आणि इंडिकेटर चर्चगेट आलं म्हणून ओरडतोय. खरा इक्विव्हॅलन्स पॉइंट (सगळं ॲसिड नेमकं संपतं ती जागा) ८.७ पीएचच्या आसपास, तिथे फिनॉल्फ्थेलिनच पाहिजे. एचसीएलला दोन्ही चालतात कारण तिथे एका थेंबात पीएच धाडकन उडी मारतो.

वीकपणा बघायचाच असेल तर पीएच मीटर लाव आणि अर्धा सोडा गेला की थांब, म्हणजे १० लागणार असेल तर ५ मिलीला. तिथे जो पीएच दिसेल तोच पीकेए (ॲसिड किती वीक ते सांगणारा आकडा), ॲसिटिकला ४.७६. एचसीएलला हा प्रकार चालत नाही.

राहिला प्रश्न १० च्या जागी १०.४ का. दोन रीडिंगमधला ०.१ चा फरक सोड, तो दोन थेंबांचा आहे, पण दोन्ही रीडिंग एकाच बाजूला तेवढ्याच सरकल्यात म्हणजे मला संशय सोड्यावर आहे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत सोड्याच्या पेलेट्स बाटली उघडल्या उघडल्या चिकट होतात, बॅलन्सवर आकडा बघता बघता चढतो, तू ४ ग्रॅम म्हणून जे घेतेस त्यात पाणी आलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन झालेला कार्बोनेटही आला. एका जुलैत मी स्वतः ८ ग्रॅम घेऊन दोन लिटर बनवला आणि अख्ख्या बॅचची रीडिंग ११ च्या घरात आल्यावर पोरांनाच झापलं, नंतर कळलं सोडा माझाच हलका होता.

म्हणून बाटलीवर ०.१ लिहिलंय म्हणून तो ०.१ धरू नकोस. ऑक्झॅलिक ॲसिडचे क्रिस्टल ०.६३ ग्रॅम नीट वजन करून १०० मिली बनव (०.०५ मोलर झालं, पण एक रेणू दोन सोडे खातो), त्यातलं १० मिली पिपेटने घेऊन त्याच सोड्याने टायट्रेट कर. तिथेही १०.४ आलं तर तुझा सोडा ०.०९६ आहे आणि तुझी दोन्ही ॲसिडं बरोबर होती.